बुलेटचं तेल नेमकं गळतंय कुठून? (कास्ट आयर्न ३५०)

कृष्णाकाठ (कराड) | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे. गाडी वडिलांची, १९९२ची कास्ट आयर्न बुलेट ३५०. वडील पाटण तालुक्यात शिक्षक होते. डोंगरातल्या शाळांवर ते याच गाडीने जायचे. आता ती माझ्याकडे आहे आणि ती विकणार नाही, हे घरात ठरलेलं आहे.

गेल्या दिवाळीत पिस्टनच्या रिंगा बदलायला इंजिन उघडलं होतं. तेव्हापासून तेल गळतंय. पोर्चमधल्या शहाबादी फरशीवर रोज सकाळी रुपयाएवढे दोन-तीन डाग असतात. लांब फिरून आलो की इंजिनची उजवी बाजू खालून ओली, डावीकडे क्लचकेसखाली तेल लोंबतंय आणि मागच्या टायरच्या कडेलाही काळा पट्टा.

एका गॅरेजमध्ये टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या उजवीकडच्या झाकणाचं) पॅकिंग बदललं. आठ दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. दुसऱ्यांदा तेच पॅकिंग, यावेळी सिलिकॉन लावून. तरी थांबलं नाही. आता म्हणतात, "ब्लॉकखालचं पॅकिंग गेलंय, हेड-ब्लॉक (इंजिनचा वरचा भाग) उतरवावं लागेल." खर्चाची तयारी आहे. पण जिथून गळतच नाही ते उघडायचं आणि बसवताना नवीन दुखणं लावून घ्यायचं, याची भीती वाटते. घरच्या घरी मूळ जागा कशी शोधायची?

---

डांबरी_सडक (नागपूर) | शनिवार, रात्री १०:१५

भाऊ, जुनी बुलेट आहे, तेल टाकणारच. माझ्या काकांच्या गाडीखाली पंधरा वर्षं पत्र्याचा ट्रे ठेवलेला होता. लेव्हल बघत जा, कमी झालं की टाकत जा, बाकी काळजी करू नका. इंजिन उघडू नका एवढंच सांगतो.

---

पाना_नंबर_चौदा (मिरज) | शनिवार, रात्री ११:०५

इंजिन लगेच उघडू नका, हे नागपूरकरांचं बरोबर आहे. पण "गळणारच" हे मला मान्य नाही. चाळीस वर्षं हीच इंजिनं उघडत आणि बसवत आलो. नीट बसवलेलं इंजिन कोरडं राहतं. माझ्या हातून गेलेल्या कितीतरी गाड्यांखाली पांढरं कापड अंथरलं तरी चाललं असतं. तेल गळतंय म्हणजे कुठेतरी कारण आहे, आणि ते सापडतं. वेळ द्यावा लागतो एवढंच.

आधी टायर. मागच्या टायरला तेल लागलेलं असताना गाडी चालवू नका. वळणावर चाक सटकलं तर सावरायला वेळ मिळत नाही. भांड्याच्या साबणाने आणि पाण्याने टायर घासून धुवा. त्याला पेट्रोल-रॉकेल लावू नका, रबर खराब होतं. मागच्या ब्रेकच्या ड्रमजवळ तेल पोचलंय का तेही बघा.

मग पुठ्ठा. मोठं खोकं फाडून रात्रभर गाडीखाली घाला. पुठ्ठ्यावर पुढचं चाक कुठे, स्टँड कुठे, किक कुठे ते पेनाने लिहा. सकाळी डाग कशाखाली आहे ते कळेल आणि कसलं तेल आहे तेही कळेल. या गाडीत तेलं तीन ठिकाणी वेगवेगळी असतात. इंजिनचं काळं आणि पातळ. गिअरबॉक्स वेगळा असतो, त्यात बरेच जण अजून ग्रीस घालतात, ते गळलं तर दाट आणि चिकट. प्रायमरीत म्हणजे क्लचकेसमध्ये तिसरं, ते साधारण स्वच्छ दिसायला हवं. चौथी गोष्ट चेनचं वंगण, ते चाकाकडे उडतं आणि लोकांना वाटतं इंजिन गळलं. बोटावर घ्या, वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटर बघायचा, इंजिन नाही.

---

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ८:२०

काका, पुठ्ठा घातला होता. उजवीकडे किकच्या पुढे दोन डाग, डावीकडे क्लचकेसखाली एक. तिन्ही काळे, पातळ. ग्रीस नाही, पेट्रोलचा वास नाही. टायर धुतला.

डावीकडचं तेलही इंजिनच्या तेलासारखंच काळं कसं, हे कळत नाही.

---

पाना_नंबर_चौदा | रविवार, सकाळी ९:१०

ते डावीकडचं लक्षात ठेवा, त्यावर नंतर येऊ. एका वेळी एकच बाजू.

आता इंजिन धुवा. हे काम अर्धवट केलं तर पुढचं सगळं फुकट. इंजिन गार असताना डिझेल आणि जुना टूथब्रश घ्या. फिन्सच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या पट्ट्यांच्या) मधली, नट-बोल्टच्या कडेची, पाइपांच्या मागची सगळी घाण काढा. कार्ब्युरेटरचं तोंड आणि पॉइंटचं (ठिणगीच्या भागाचं) झाकण प्लास्टिकने बांधा. प्रेशरने पाणी मारू नका, जिथे जाऊ नये तिथे शिरतं. मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं आणि दोन तास ऊन. बोट फिरवलं तर बोट कोरडं राहिलं पाहिजे.

त्यानंतर टाल्कम पावडर. घरात बाळाची असेल तीही चालेल. मऊ ब्रशने सगळ्या जोडांवर पातळ थर द्या: रॉकर कव्हरच्या (हेडवरच्या झाकणाच्या) कडा, हेड आणि ब्लॉकची रेघ, ब्लॉक आणि क्रँककेसची (ब्लॉकखालच्या इंजिनच्या पोटाची) रेघ, टॅपेट कव्हर, टायमिंग कव्हर. रांगोळी वापरू नका. ती दगडाची भुकटी असते, हवेच्या वाटेने आत गेली तर नुसतं नुकसान.

गाडी जागेवर दहा मिनिटं चालू ठेवून टॉर्चने बघा. काही दिसलं नाही तर गावात पाच किलोमीटर हळू. परत बघा. तरी नाही तर हायवेला. तिन्ही पायऱ्या वेगळ्या करा, कारण वेग वाढला की वारा तेलाला मागे ओढतो आणि एका थेंबाने अर्धं इंजिन माखतं. मग मूळ जागा सापडत नाही.

एकच गोष्ट धरून ठेवा. तेल खाली आणि मागे जातं, वर आणि पुढे जात नाही. जिथे ठिबकतंय ते बघू नका. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात पुढचा ओला ठिपका शोधा.

---

स्टुटगार्टकर | रविवार, दुपारी १:३०

मिरजेच्या काकांच्या पद्धतीला जोड म्हणून सांगतो. माझ्या जुन्या मोटारसायकलवर पावडरीनेही कळत नव्हतं, तेव्हा तेलात टाकायचा फ्लुरोसंट रंग वापरला. बाटलीवर लिहिलेल्या मापाने इंजिनच्या तेलात घालायचा, वीसेक किलोमीटर फिरायचं आणि अंधारात अतिनील टॉर्च मारायचा. तेलाची रेघ हिरवट पिवळी चमकते आणि मागे मागे जात थेट उगमापर्यंत पोचता येतं. नोटा तपासायचा छोटा टॉर्चही कामाला येतो. तुमच्याकडे तीन तेलं वेगवेगळी आहेत, म्हणजे फक्त इंजिनच्या तेलात रंग घातला तर डावीकडे कुठलं तेल येतंय हेही पक्कं कळेल.

---

शंभर_सीसी (लातूर) | रविवार, दुपारी ३:००

धागा बुलेटचा आहे, पण साध्या शंभर सीसीवाल्यांनाही उपयोग होईल म्हणून लिहितो. माझ्या गाडीचं तेल इंजिनखाली मधोमध पडायचं. ड्रेन बोल्ट समजून तो दोनदा आवळला आणि आटे गेले. खरं गळत होतं पुढच्या चेन-स्प्रॉकेटमागच्या ऑइल सीलमधून. स्प्रॉकेटचं कव्हर काढल्यावर आत चिखल आणि तेलाचा गोळा निघाला. चेन फार ताणून ठेवायची सवय होती, त्याने शाफ्टवर ओढ येऊन सील झिजतं, असं मेकॅनिकने दाखवलं. सील बाहेरूनच बदलता येतं, इंजिन उघडावं लागत नाही. फक्त जुनं काढताना पेचकसाने शाफ्टला ओरखडा पडू द्यायचा नाही, नाहीतर नवीन सीलही गळतं. आता चेनला बोटभर-दीड बोट ढील ठेवतो.

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री ९:५०

काल दुपारभर गाडी धुतली. तीस वर्षांची घाण होती, काही फिन्समधून मातीची ढेकळं निघाली.

जागेवर दहा मिनिटं: सगळं कोरडं. ब्लॉकखालची रेघही पांढरी. पाच किलोमीटर, शनिवार पेठेतून कृष्णा-कोयनेच्या संगमापर्यंत जाऊन परत: टॅपेट कव्हरची खालची कड पिवळी ओली झाली. म्हणजे गॅरेजवाल्यांचं निदान बरोबर होतं का? तिसऱ्यांदा तेच पॅकिंग बदलायचं?

---

पाना_नंबर_चौदा | सोमवार, रात्री १०:२०

खालची कड ओली, ठीक. वरची कड बघितली का? कव्हरच्या वर ब्लॉकच्या फिन्सवर पावडर कोरडी आहे का? आत्ता टॉर्च घेऊन जा.

---

कृष्णाकाठ | सोमवार, रात्री १०:५५

काका, वरची कडही ओली आहे! फिन्सच्या टोकांवरून दोऱ्याएवढी बारीक रेघ खाली आली आहे. वर वर गेलो तर ती हेडपर्यंत जाते. रॉकरला तेल नेणारा बाहेरचा पाइप आहे ना, त्याच्या बोल्टच्या वॉशरपासून सुरू होते. वॉशरभोवती पावडरची पेस्ट झाली आहे.

एवढ्या वरून तेल येतंय आणि आम्ही दोनदा खालचं कव्हर उघडलं.

---

पाना_नंबर_चौदा | सोमवार, रात्री ११:१५

तो बॅन्जो बोल्ट. रिंगा बदलताना हेड उतरवलं म्हणजे तो पाइप सुटलाच असणार आणि जुनेच तांब्याचे वॉशर परत लावले असणार. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवीन वॉशर दहा-वीस रुपयांना मिळतात. नाहीच मिळाले तर जुना वॉशर गॅसवर चिमट्यात धरून लाल करा आणि पाण्यात टाका. तांबं मऊ होतं. (लोखंडाचं उलट असतं, म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही.) बारीक पॉलिश पेपरने दोन्ही बाजू साफ करा. बोल्टाच्या दोन्ही बाजूंचे वॉशर बदला, एकच नाही. आणि आवळताना जोर लावू नका. बोल्ट आतून पोकळ असतो, पिळवटून तुटतो.

टॅपेट कव्हर उघडलंच आहे तर तेही तपासा. ते एकाच नटवर बसतं. थांबत नाही म्हणून दोनदा जास्त आवळलं असेल, तर ते मधे दबून कडांना उचललं गेलेलं असतं. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून त्यावर कव्हर हलक्या हाताने फिरवा. सगळ्या कडेला सारखी चमक आली की सपाट झालं. साधं कागदी पॅकिंग लावा. सिलिकॉनचा ढीग नको. बाहेर आलेलं दिसतं, तेवढंच आतही गेलेलं असतं. ते तुटून तेलाच्या वाटेत अडकलं तर इंजिन जाईल.

---

लाल_माती (रत्नागिरी) | मंगळवार, सकाळी ७:४५

उत्तम चाललाय धागा. आमच्याकडे पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते, म्हणून सांगते. इंजिनखाली तपकिरी पाणी टपकलं की तेल गळतंय असं वाटतं. प्रत्यक्षात ते फिन्समधल्या धुळीचं आणि गंजाचं पाणी असतं. थेंब वर्तमानपत्रावर घ्या. पाणी वाळून जातं, तेलाचा पारदर्शक डाग राहतो. आणि आतल्या तेलाचा रंग दुधाच्या चहासारखा झाला असेल तर पाणी आत गेलंय, ते तेल लगेच बदला.

---

कृष्णाकाठ | गुरुवार, रात्री १०:१०

वॉशर बदलले, कव्हर घासून साध्या पॅकिंगने बसवलं. ते खरंच मधे दबलेलं होतं, काचेवर ठेवल्यावर डुगडुगत होतं. गावात दोन दिवस फिरलो. उजवी बाजू पूर्ण कोरडी!

पण आज कराडहून साताऱ्याला हायवेने गेलो आणि आलो, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, वेग ६५-७०. घरी येऊन बघतो तर डावीकडे क्लचकेसखाली थेंब, रॉकर कव्हरच्या कडेला ओल आणि मागच्या टायरवर पुन्हा काळे शिंतोडे. गावात एक थेंब नाही आणि हायवेला तीन ठिकाणी. खूप वाईट वाटलं.

---

पाना_नंबर_चौदा | गुरुवार, रात्री १०:४०

वाईट वाटून घेऊ नका. उलट आता इंजिनने स्वतःच सांगितलं. हळू चालवलं की कोरडं, पळवलं की तीन वेगवेगळ्या जागा एकदम ओल्या. तीन पॅकिंग एकाच दिवशी जात नाहीत. आत हवेचा दाब साठतोय.

दोन गोष्टी बघा. पहिली, क्लचकेसचा लेव्हल स्क्रू काढा, गाडी सरळ उभी करून. तेल बरोबर असेल तर थोडंसं पाझरून थांबेल. दुसरी, क्रँककेसच्या ब्रीदरचा (आतली हवा बाहेर सोडणारा) पाइप सुरुवातीपासून टोकापर्यंत हाताने चाचपत जा. टोक कुठे बांधलंय ते सांगा.

---

कृष्णाकाठ | शुक्रवार, सकाळी ७:३०

लेव्हल स्क्रू काढला तर धारच लागली. अर्धा ग्लास तेल निघालं, काळंकुट्ट. प्रायमरीत मी स्वतः दोन महिन्यांपूर्वी नवीन तेल मापून घातलं होतं. म्हणजे इंजिनचं तेल तिकडे जातंय.

आणि ब्रीदर! रिंगांच्या कामानंतर मूळ पाइपच्या जागी पाण्याच्या नळीसारखी पारदर्शक प्लास्टिकची नळी लावली आहे. ती टूलबॉक्समागून नेताना काटकोनात वळवलीय आणि वर केबल टाय आवळलाय. उष्णतेने मऊ होऊन तिथे पूर्ण चपटी झाली आहे. फुंकर मारली तर जेमतेम हवा जाते. आणि टोक? मागच्या टायरच्या बरोबर पुढे, स्विंग आर्मला बांधलेलं.

---

पाना_नंबर_चौदा | शुक्रवार, सकाळी ८:१५

सापडलं.

याचं गणित सगळ्यांसाठी सांगतो. या इंजिनचा बोअर ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९०, म्हणून ३४६ सीसी. पिस्टन खाली येताना त्याच्याखालची तेवढीच हवा ढकलली जाते. ३००० आरपीएमला पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा खाली येतो. म्हणजे सेकंदाला सतरा लिटरच्या वर हवा इंजिनच्या पोटात ढकलली जाते. शिवाय रिंगांच्या फटीतून थोडा धूर खाली येतो, नवीन रिंगा बसेपर्यंत तर जास्तच. म्हणून कंपनीने ब्रीदर दिला. जुन्या गाड्यांना त्याच्या टोकाला बदकाच्या चोचीसारखं रबर असायचं: दाब आला की चोच उघडते, पिस्टन वर गेला की मिटते, बाहेरची हवा-धूळ आत येत नाही. त्यामुळे पोटात दाब साठत नाही, उलट किंचित ओढ राहते, आणि जोडांमधून तेल बाहेर यायला कारणच उरत नाही.

तुमची वाटच बंद. मग दाब कुठून निघणार? रॉकर कव्हरच्या कडेने आणि डावीकडे क्रँकच्या सीलमधून प्रायमरीत, सोबत इंजिनचं तेल घेऊन. प्रायमरी भरली की ती खाली गळणार. टायरवरचं तेल त्या चपट्या नळीतून थुंकलं जात होतं. गावात वेग कमी, दाब कमी, म्हणून गळत नव्हतं.

तेलाला टिकणारा रबरी पाइप घ्या, मूळ जाडीचाच. कुठेही काटकोन नको, टाय आवळायचा नाही, नुसता आधार द्यायचा. चोच मिळाली तर नवीन लावा. टोक टायरपासून लांब, खाली. प्रायमरीतलं तेल बदला. क्रँकचं सील आत्ता बदलायच्या नादाला लागू नका. आधी तीनशे किलोमीटर चालवा आणि लेव्हल स्क्रू परत काढून बघा. वाढलं नसेल तर सील चांगलं आहे.

---

डांबरी_सडक | शुक्रवार, सकाळी ९:००

काका, मी "गळणारच" लिहिलं होतं ते मागे घेतो. आज संध्याकाळी माझ्या काकांच्या गाडीचा ब्रीदर बघायला जातोय. आणि एक विचारायचं आहे. ती गाडी महिना-दीड महिना उभी असते. सुरू केली की पहिली पाच मिनिटं ब्रीदरमधून भरपूर तेल फेकते, मग बंद होतं. हेही ब्रीदर तुंबल्यामुळे का?

---

पाना_नंबर_चौदा | शुक्रवार, दुपारी १:४०

नाही, हे वेगळं. या इंजिनात तेलाची टाकी क्रँककेसमध्येच, पण वेगळ्या कप्प्यात असते. पंप तिथून तेल देतो आणि दुसरा पंप खाली जमलेलं परत टाकीत नेतो. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं तेल पंपातून हळूहळू झिरपून फ्लायव्हीलच्या (क्रँकबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या) कप्प्यात उतरतं. सुरू केल्यावर फ्लायव्हील ते घुसळतं आणि ब्रीदरमधून बाहेर फेकलं जातं. परतीचा पंप ते उपसून टाकीत नेतो, मग थांबतं.

यात लोक एक मोठी चूक करतात. उभ्या गाडीची डिपस्टिक (तेल मोजायची काडी) बघतात, तेल कमी दिसतं, वरून अर्धा लिटर ओततात. तेल कुठे गेलेलंच नसतं, खाली उतरलेलं असतं. मग इंजिनात तेल जास्त होतं आणि आणखी फेकतं. लेव्हल नेहमी गाडी दहा मिनिटं चालवून, बंद करून मग बघायची. फार दिवस उभी असेल तर सुरू करण्याआधी फ्लायव्हीलच्या कप्प्याचा ड्रेन बोल्ट काढून उतरलेलं तेल मापाच्या भांड्यात घ्या. स्वच्छ असेल तर गाळून टाकीत परत घाला.

---

शंभर_सीसी | शुक्रवार, रात्री ८:३०

आमच्या गाडीचाही ब्रीदर बघितला, एअर फिल्टरच्या डब्याला जाणारी नळी. टोकाला कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं! काढून टाकलं.

---

कृष्णाकाठ | पुढचा रविवार, संध्याकाळी ६:३०

पाइप बदलला, मूळ वाटेनेच नेला. चोच इथे मिळाली नाही, कोल्हापूरहून मागवली. गाडी सुरू करून चोचीजवळ तळहात धरला: फट् फट् अशी कोरडी हवा, धूर जवळपास नाही. म्हणजे रिंगाही बसल्या असाव्यात.

आठवडाभरात ३१० किलोमीटर झाले, त्यात एकदा कोयनानगर आणि एकदा सातारा. लेव्हल स्क्रू काढला: पाझरून थांबलं, तेल स्वच्छ. रॉकर कव्हर कोरडं, टायर कोरडा. पुठ्ठ्यावर आठवड्यात एकच बारीक ठिपका, क्लचकेसच्या मधल्या मोठ्या नटाखाली. त्याचं रबर वॉशर जुनं आहे, ते मागवलंय.

ब्लॉक उतरवला नाही. वॉशर, पाइप, चोच, पॅकिंग, सगळं मिळून पाचशे रुपयांच्या आत झालं. काका, तुमचे उपकार शब्दांत सांगता येत नाहीत. वडिलांनाही हा सगळा धागा वाचून दाखवला. जुनं तेल आणि डिझेल कॅनमध्ये भरून गॅरेजला दिलंय, गटारात ओतलं नाही.

---

पाना_नंबर_चौदा | रविवार, संध्याकाळी ७:१०

वडिलांना नमस्कार सांगा. त्या मधल्या नटाचं रबर बसवताना बैठक फडक्याने कोरडी करा, रबराला तेलाचं एक बोट लावा आणि नट रबर दबेपर्यंतच आवळा. जास्त आवळलं तर रबर बाहेर निसटतं.

---

डांबरी_सडक | रविवार, रात्री ९:२५

काकांच्या गाडीचा रिपोर्ट: ब्रीदर मोकळा निघाला. ड्रेन बोल्ट काढला तर फ्लायव्हीलच्या कप्प्यातून जवळपास अर्धा लिटर तेल आलं. गाळून परत टाकीत घातलं, सुरू केली, एक थेंब फेकला नाही. दहा मिनिटं फिरवून डिपस्टिक बघितली तर तेल वरच्या खुणेच्याही वर आहे. काकांनी मागच्या महिन्यात ओतलं होतं म्हणे. खुणेपर्यंत येईल एवढं काढून टाकू ना?

---

पाना_नंबर_चौदा | रविवार, रात्री ९:४०

काढा. आणि पत्र्याचा ट्रे आठवडाभर तिथेच राहू द्या, पण पुसून कोरडा करून. काही पडलं तर कुठे पडलं ते लिहा इथे.